रोजकीर्द आणि खतावणी : प्रौढ विद्यार्थ्याच्या दैनंदिन लेखनाविषयी

जमाखर्चाच्या जुन्या पद्धतीत दोन वह्या असत. दिवसभरातील व्यवहार ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने जिच्यात टिपले जात ती रोजकीर्द. आणि त्या नोंदी पुढे ज्या त्या खात्याखाली जिच्यात उतरवल्या जात ती खतावणी. खतावणीवाचून धंद्याची स्थिती कळत नाही हे खरे. परंतु खतावणीतील एखाद्या रकमेविषयी शंका उत्पन्न झाली, की रोजकीर्दच उघडावी लागते. आत्मपर वाङ्मयाचा विचार करताना हा भेद मला उपयुक्त वाटतो. आत्मचरित्र ही आयुष्याची खतावणी होय. बालपण, विवाह, शिक्षण, कार्य अशी खाती तेथे आधीच पाडलेली असतात, आणि प्रत्येक प्रसंग आपापल्या खात्यात जाऊन बसतो. रोजच्या जगण्याची रोजच्या रोज केलेली नोंद ही रोजकीर्द. तिच्यात कोणती गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसते.

प्रस्तुत लेखात ज्या लेखनाचा विचार करावयाचा आहे ते ह्या दुसऱ्या प्रकारातले, आणि त्यातही एका विशिष्ट अवस्थेतले आहे. संसाराचा मध्य गाठल्यानंतर विद्यार्थी झालेल्या आणि ती विद्यार्थिदशा चालू असतानाच आपल्या नित्याच्या जगण्याविषयी इतरांना वाचता येईल असे लिहिणाऱ्या माणसाचे हे लेखन. असा विद्यार्थी आता अपवाद राहिलेला नाही. ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठाला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ साली तेथील अध्यापन सुरू झाले. आपल्याकडे हैदराबादला १९८२ साली पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नोकरी, घर, मुले, वडीलधाऱ्यांची शुश्रूषा हे सारे सांभाळून पदवीचा अभ्यास करणारा मोठा वर्ग त्यामुळे निर्माण झाला. ह्या वर्गातली काही माणसे लिहितात, आणि त्यांचे लिहिणे आज दिवसाच्या दिवशी वाचकांपर्यंत पोचूही शकते. समीक्षेने मात्र त्याची दखल घेतलेली नाही. घेतलीच तर दोन रीतींनी : एक तर स्फूर्तिदायक उदाहरण म्हणून त्याचे कौतुक होते, किंवा समाजशास्त्राची सामग्री म्हणून त्याचा उपयोग होतो. ते वाङ्मय आहे काय, आणि असल्यास त्याचे गुणदोष कोणत्या कसोटीवर ठरवावयाचे, हा प्रश्न तसाच राहतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम मागे वळून पाहणे इष्ट ठरेल. राससुंदरी देवी ह्यांचे ‘आमार जीबन’ हे बंगाली स्त्रीने लिहिलेले पहिले आत्मचरित्र म्हणून ओळखले जाते. पाबना जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेल्या, बाराव्या वर्षी विवाह झालेल्या आणि पुढे बारा मुलांची आई झालेल्या ह्या स्त्रीने पंचविशीच्या सुमारास चोरून वाचायला शिकण्यास आरंभ केला. ‘चैतन्यभागवता’च्या पोथीचे एक पान आणि मुलाने अक्षरे गिरवलेले एक ताडपत्र ही तिची साधने, आणि स्वयंपाकघर ही तिची शाळा. पोथीतील अक्षर ताडपत्रावरच्या अक्षराशी ताडून पाहत ती वाचायला शिकली. लिहायला मात्र ती पुष्कळ वर्षांनंतर शिकली. ह्या अंतराचा अर्थ नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. वाचन लपवता येते. चुलीपुढे, पदराआड, दोन कामांच्या मधल्या क्षणात एक पान वाचून होते. लेखनाला कागद लागतो, शाई लागते, लेखणी लागते आणि मुख्य म्हणजे बसावे लागते; आणि बसलेली गृहिणी कोणाच्याही नजरेस पडतेच. म्हणून प्रौढपणी लिहू लागणे ही घटना प्रौढपणी वाचू लागण्यापेक्षा निराळ्या जातीची आहे. ती घरातल्या सर्वांच्या देखत घडते.

‘आमार जीबन’ हे पुस्तक उत्तरवयात, मागे पाहून लिहिलेले आहे. म्हणजे प्रकाराने ते खतावणीच होय. ईश्वराची कृपा हे त्यातले मुख्य खाते, आणि बहुतेक प्रसंग त्याच खात्यावर जमा झालेले आहेत. तरीही ह्या पुस्तकातला जो भाग वाचकाच्या मनातून जात नाही तो वेगळाच आहे. घरातल्या सर्वांना जेवू घालून ही बाई जेवायला बसते. तोच काही अडचण येते. पुन्हा बसते, पुन्हा उठावे लागते. कधी अतिथी, कधी रडणारे मूल. आणि अन्नाने भरलेल्या घरात तिचे दोन दिवस उपाशी जातात. ह्या प्रसंगाचे काही उतारे मराठीत आणून पाहताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. तेथे विशेषणे नाहीत, तक्रारही जवळजवळ नाही. आहे तो केवळ क्रम. हे झाले, मग ते झाले, मग हे राहिले. अनुवादात मी एकदोन ठिकाणी वाक्ये जोडून ओघ आणू पाहिला, तेव्हा प्रसंगाचे बळच नाहीसे झाले. त्या उपवासाचे दुःख कोणत्याही एका वाक्यात नव्हते. ते एका अडचणीनंतर दुसरी येण्यात होते. इतक्या वर्षांनंतरही तिच्या स्मरणात रोजकीर्दीचे ते पान शाबूत होते, आणि खतावणी लिहिताना तिने ते तसेच ठेवले, हे तिच्या लेखणीचे मोठेपण.

मराठीत ह्याच्या जवळ जाणारे उदाहरण पार्वतीबाई आठवले ह्यांचे. १८७० साली जन्मलेल्या, तरुणपणीच वैधव्य आलेल्या आणि एका मुलाची आई असलेल्या पार्वतीबाई पुण्याला भगिनीच्या घरी, म्हणजे धोंडो केशव कर्वे ह्यांच्या घरी, येऊन शिकल्या. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी गोळा केली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ह्याही नंतरची आहे. इंग्रजी शिकण्यासाठी आणि संस्थेला साहाय्य मिळवण्यासाठी १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. ज्या कामाची स्वदेशातील घरात कोणी नोंदही घेत नाही, ते काम परदेशात त्यांच्या शिक्षणाचे साधन झाले. विद्यार्थिनी आणि मोलकरीण ह्या दोन भूमिका एकाच दिवसात, एकाच देहाने, एका स्वयंपाकघरात पार पाडावयाच्या ही स्थिती वाङ्मयाच्या दृष्टीने किती संपन्न आहे हे वेगळे सांगावयास नको.

त्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ साली प्रसिद्ध झाली, आणि जस्टिन ॲबट ह्यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९३० साली निघाला. ‘कहाणी’ हा शब्द येथे योग्यच आहे. व्रताच्या कहाणीत संकट येते, नेम पाळला जातो आणि फळ मिळते. फळाच्या दृष्टीनेच मधल्या सर्व गोष्टी सांगितल्या जातात. पार्वतीबाईंच्या पुस्तकातही प्रसंग पुष्कळ आहेत, परंतु त्यांची निवड संस्थेचे कार्य आणि स्त्रीचे स्वावलंबन ह्या दोन दृष्टींनी झालेली दिसते. हा त्यांचा दोष नव्हे. संस्थेचा पैन् पै हिशेब देण्याची सवय झालेल्या ह्या कर्त्या स्त्रीने आयुष्याचाही हिशेबच दिला. पण वाचक म्हणून माझ्या मनात हुरहुर राहते ती त्या परक्या स्वयंपाकघरातल्या एखाद्या साध्या मंगळवारची. कोणता इंग्रजी शब्द त्या दिवशी कळला नाही? कोणती भाजी कापताना तो पुन्हा आठवला? रात्री थकलेल्या हातांनी धडा गिरवला की नाही? त्या दिवसांची रोजकीर्द आपल्यापुढे नाही; फळ मात्र आहे.

येथवर जी उदाहरणे पाहिली त्यांत शिक्षण हे निखळ लाभाच्या रूपाने येते, आणि ते स्वाभाविकही आहे. ज्यांना अक्षरही नाकारले गेले होते, त्यांनी अक्षराविषयी शंका घ्यावी अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे होईल. पण प्रौढ विद्यार्थी विद्यापीठाच्या दारात येतो तेव्हा आणखी एक प्रश्न उभा राहतो. विद्यापीठ त्याला एक भाषा देते. ती देताना त्याची स्वतःची भाषा काढून घेते काय? ह्या प्रश्नाला थेट भिडणारी कृती म्हणून विली रसेल ह्यांच्या ‘एज्युकेटिंग रीटा’ ह्या १९८० सालच्या इंग्रजी नाटकाचा उल्लेख करावा लागतो. लिव्हरपूलकडची, केशभूषेच्या दुकानात काम करणारी सव्वीस वर्षांची विवाहित स्त्री मुक्त विद्यापीठात साहित्य शिकू लागते. इब्सेनचे ‘पेअर गिंट’ रंगभूमीवर आणण्यातील अडचणी कशा सोडवाव्यात ह्या प्रश्नाचे उत्तर ती एका वाक्यात देते : ते नाटक रेडिओवर करावे. उत्तर हास्यास्पद आहे आणि मार्मिकही आहे. नाटकाच्या अखेरीपर्यंत ती परीक्षेला पसंत पडतील अशी उत्तरे लिहायला शिकते, आणि आपण हे काय घडवले ह्या विचाराने तिचा अध्यापक अस्वस्थ होतो.

ह्या नाटकाच्या रचनेकडे समीक्षकाने अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. संपूर्ण नाटक त्या अध्यापकाच्या खोलीत घडते. रीटाचे दुकान, तिचे घर, तिची पुस्तके जाळणारा नवरा ह्यांपैकी काहीही रंगमंचावर दिसत नाही. ते केवळ तिच्या बोलण्यातून खोलीत येते. म्हणजे तिचा दिवस हा विद्यापीठाच्या खोलीत सांगितला गेला तरच अस्तित्वात येतो. जसजशी ती नव्या भाषेत प्रवीण होत जाते, तसतसा तिच्या बोलण्यातला तो जुना दिवस विरळ होत जातो. ह्या लोपाला रसेल ह्यांनी विनोदी नाटकाचे हलके रूप दिले आहे. पण तो लोप खरा आहे.

तो खरा आहे हे मी अनुभवाने सांगू शकते. समीक्षेत स्वतःविषयी लिहू नये असा आपला संकेत आहे, आणि तो बहुधा हितकारकच असतो. परंतु ज्या विषयाची साधने अजून छापील रूपात फारशी उपलब्ध नाहीत, तेथे स्वतःच्या वहीचा पुरावा देण्यावाचून गत्यंतर नाही. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी एम. ए. च्या वर्गात बसले. त्या काळात रोज रात्री अर्धे पान लिहावे आणि आठवड्याची पाने बरोबरच्या सातआठ विद्यार्थिनींना वाचावयास द्यावीत, असा परिपाठ मी ठेवला. पहिल्या वर्षातील एक नोंद अशी आहे : ‘कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत ॲरिस्टॉटलची दोन पाने झाली. चौथीला सासूबाईंनी हाक मारली. करुणा आणि भीती ह्यांचे काय ते उद्या.’ दुसऱ्या वर्षातील एक नोंद अशी : ‘मध्यमवर्गीय स्त्रीच्या जीवनात वाचन ही क्रिया सदैव खंडित स्वरूपातच संभवते.’ दोन्ही वाक्यांचा विषय एकच आहे. ही दुसरी नोंद वाचून वर्गातल्या एका मैत्रिणीने समासात पेन्सिलीने लिहिले, ‘तुमचा कुकर कुठे गेला?’ माझ्या लेखनावर पुढे कोणीही केलेली टीका मला इतकी लागली नाही.

येथे घाईने निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. दुसरे वाक्य खोटे नाही. ते लिहिता आले म्हणूनच पहिल्या वाक्यात काय होते हे मला कळले. तोवर कुकर, हाक आणि ॲरिस्टॉटल ही एका त्रासलेल्या बाईची कुरकुर होती. पुढे त्यांत एक रचना दिसू लागली. शिक्षणाने दिलेले हे देणे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. माझी चूक निराळी होती. खतावणी लिहिता येऊ लागताच मी रोजकीर्द लिहिणे सोडून दिले होते, आणि ते सोडल्याचे मला समजलेही नव्हते. दिवस घडण्यापूर्वीच त्याचे खाते ठरू लागले होते. ज्याला आपण प्रौढ विद्यार्थ्याचे वाङ्मयीन वैशिष्ट्य म्हणतो ते नेमके ह्या ठिकाणी नष्ट होते. तरुण विद्यार्थ्यापाशी विद्यापीठाच्या भाषेला अडवील असा दुसरा दिवस बहुधा नसतो. प्रौढापाशी तो असतो. आणि त्या दोहोंतील ओढाताण हाच त्याच्या लेखनाचा खरा आशय होय. ती ओढाताण संपली की शिक्षण पूर्ण होते, पण लेखनही संपते.

ह्या लेखनावर जे आक्षेप घेतले जातात त्यांतील पहिला क्षुद्रतेचा. भाजी, गॅस, मुलाचा ताप, चुकलेली बस ह्यांना वाङ्मयात स्थान ते काय, असे विचारले जाते. राससुंदरींच्या दोन दिवसांच्या उपवासाने ह्याचे उत्तर पूर्वीच दिलेले आहे. वस्तू क्षुद्र नसते. तिच्याकडे पाहणे ढिले असते. ‘आज फार दगदग झाली’ हे वाक्य क्षुद्र आहे, कारण त्यात दिवस नाही. दगदगीचा क्रम दिला, की वाचक ती स्वतः मोजतो.

दुसरा आक्षेप आत्मप्रदर्शनाचा. वाचक समोर आहे हे ठाऊक असलेली रोजनिशी प्रामाणिक कशी असेल? ह्या आक्षेपात तथ्य आहे. दुसऱ्या दिवशी कोणीतरी वाचणार आहे ह्या जाणिवेने मीही काही दिवस अधिक विनोदी करून सांगितले, आणि काही दिवस अधिक करुण. तरीही त्या वाचकवर्गानेच मला कुकरची आठवण करून दिली, हेही विसरता येत नाही. एकट्यापुरत्या लिहिलेल्या वहीत ती पेन्सिल आली नसती. वाचक लेखनाला बिघडवतो आणि तोच त्याला ताळ्यावर आणतो. म्हणून प्रश्न वाचक असावा की नसावा हा नाही. लिहिणारा कोणाच्या शंकेला उत्तर देतो आणि कोणाच्या टाळ्यांना, हा प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप सहसा घेतला जात नाही, पण मला तो सर्वांत गंभीर वाटतो. आत्मचरित्रातली इतर माणसे बहुधा काळाच्या पलीकडे गेलेली असतात. दैनंदिन लेखनातली माणसे पलीकडच्या खोलीत असतात. माझी पाने वाचणारी एक विद्यार्थिनी एकदा घरी आली, आणि सासूबाईंना तिने आपुलकीने विचारले, ‘गुडघा आता कसा आहे?’ सासूबाईंनी तिला उत्तर दिले आणि माझ्याकडे पाहिले. त्या काहीही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र गुडघ्याला तेल लावताना त्या खोलीचे दार लोटून घेऊ लागल्या. मी जे लिहिले होते त्यात अनादराचा शब्द नव्हता. पण ते त्यांचे होते, आणि मी ते विचारल्यावाचून दिले होते. त्यानंतर त्यांच्याविषयीचे प्रत्येक पान मी त्यांना आधी वाचून दाखवू लागले. त्यांनी दोन पाने काढून टाकायला लावली आणि एका पानात दुरुस्ती सुचवली : हाक चौथ्या शिट्टीला नव्हे, तिसऱ्यालाच मारली होती, मला ती ऐकू आली नाही. त्या एका दुरुस्तीने पानाचा अर्थ बदलला. तोवर त्या पानात माझ्या वाचनात व्यत्यय आणणारी एक वृद्धा होती; आता वाचनात बुडून हाक न ऐकणारी एक सूनही त्यात आली.

ह्या सर्व विवेचनावरून काही कसोट्या सुचवता येतील. ह्या प्रकारच्या लेखनात दिवसाचा क्रम शाबूत आहे काय, की तो आधीच एखाद्या विचाराच्या खात्यावर मांडला गेला आहे? अभ्यासाचा विषय आणि घरचे काम ही एकमेकांवर प्रकाश टाकतात काय, की एक केवळ दुसऱ्याची सजावट होऊन राहते? लिहिणाऱ्याला नवी भाषा आल्याची खूण जशी दिसते, तशी जुनी भाषा टिकल्याचीही दिसते काय? आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना त्या पानात स्वतःचा आवाज आहे काय? चारही कसोट्यांना उतरणारी पाने फार थोडी निघतील. पण कोणत्याही वाङ्मयप्रकारात ती थोडीच असतात.

अखेरीस आपल्या व्यवसायाविषयी दोन शब्द. प्रौढ विद्यार्थ्याच्या लेखनाकडे आपण सहानुभूतीने पाहतो, आणि सहानुभूतीने पाहतो म्हणूनच ते नीट वाचत नाही. उतारवयात धडपड केली ह्यासाठी दिलेले गुण हे वाङ्मयाचे गुण नव्हेत, आणि लिहिणाऱ्याला ते कळते. राससुंदरी आणि पार्वतीबाई ह्यांचीही आपण पुष्कळदा अशीच बोळवण केली : त्यांच्या धैर्याला नमस्कार केला आणि त्यांच्या वाक्यांकडे पाहिले नाही. आज शेकडो घरांतून जी पाने लिहिली जात असतील, त्यांतली बहुतेक विसरली जातील, आणि ते योग्यच होईल. जी राहण्याजोगी आहेत ती ओळखण्यासाठी मात्र त्यांच्या समासात कोणीतरी पेन्सिल घेऊन बसावे लागेल. ते काम समीक्षेचे आहे.